वाढवलेली ऊब

चीजच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईला सगळे मॅडम म्हणत आणि दुधाच्या टाक्या धुणाऱ्या वयस्कर माणसाला मामा. मामा खरोखरच मामा होते, मॅडमच्या नवऱ्याचे. कारखान्यात जागा रिकामी झाल्याची बातमी त्यांनीच बहिणीच्या घरी आणली होती. सुनेला नोकरी लागली तेव्हा "आमची सूनबाई" म्हणून ते कारखानाभर मिरवलेही होते. मॅडमला मात्र ते मिरवणं खुपायचं. नात्यातल्या माणसाला झुकतं माप देते असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून ती त्यांच्याशी जरा जास्तच कडक वागे.

मग चीजची पाकिटं फुगायला लागली. दुकानांतून खोकीच्या खोकी परत येऊ लागली. पाकीट फोडलं की आत भोकाभोकाचं, उग्र वासाचं चीज. खरं तर असं होऊ नये म्हणूनच मॅडम दुधात एक खास विरजण घालत असे. त्यातले जीवाणू दूध आंबवत आणि वर एक द्रव्यही सोडत. चीज फुगवणारे जंतू त्या द्रव्याने मरून जात. 'माझे राखणदार' असं ती कौतुकाने म्हणायची. आणि राखणदार तर जोमात होते! मोजावेत तेव्हा पूर्वीच्या दुपटीने भरत. म्हणजे विरजणात खोट नाही. मग उरल्या टाक्या. आणि टाक्या कोण धुतं?

जेवणाच्या सुट्टीत ती थेट मामांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"मामा, हात पुढे करा."

"अगं, जेवतोय मी. पाच मिनिटं थांब."

"आत्ताच हवेत."

मामांनी डबा बाजूला सारला, हात धुऊन आले आणि पुढे केले. तिने कापसाचा ओला बोळा त्यांच्या बोटांवरून, नखांच्या कडांवरून फिरवला, नळीत टाकला. एवढ्यावर थांबायचं होतं. पण सगळे बघतायत हे जाणवलं आणि तिला काय झालं कोण जाणे, तिने त्यांचा हात नाकाशी नेऊन हुंगला. पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. मामांचे कान लाल झाले.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्या बोळ्यातून जंतू उगवले. ते कोणाच्याही हातावरून उगवले असते, मॅडमच्याही. चीज फुगवणारे जंतू ते नव्हतेच. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती बशी तिने मॅनेजरपुढे ठेवली आणि म्हणाली, "नात्यातले असले म्हणून मी पाठीशी घालणार नाही." मॅनेजरने तिच्या बाणेदारपणाचं तोंडभरून कौतुक केलं आणि मामांची रवानगी मागच्या आवारात झाली, रिकामे क्रेट रचायला.

घरी सासूबाईंनी एवढंच विचारलं, "त्याच्या हातांना काय झालं होतं गं?"

"कामाच्या गोष्टी घरात नकोत, आई."

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

टाक्यांवर नवा माणूस आला. पाकिटं फुगतच राहिली.

तेव्हा कुठे ती विरजणाकडे वळली. चीज फुगवणारे जंतू तिने एका बशीत पसरले, बशीतल्या जेलीसारख्या थरात बारीक खळगे पाडले आणि विरजणाचं गाळलेलं पाणी, त्यातला आंबटपणा मारून, त्या खळग्यांत भरलं. द्रव्य असेल तर भोवतालचे जंतू मरून खळग्याभोवती स्वच्छ कडं उमटायला हवं. दुसऱ्या दिवशी तिने बशी उजेडात धरली. कडं नव्हतं. जंतू खळग्याच्या काठाला चिकटून आरामात वाढले होते.

मग तिला आठवलं. मागणी वाढली तेव्हा मॅनेजर म्हणाले होते, विरजण लवकर तयार होईल का बघा. तिने इन्क्युबेटरची ऊब वाढवली होती. जीवाणू भराभर वाढले, तिला शाबासकी मिळाली, आणि ती ते विसरूनही गेली.

तिने तेच विरजण दोन भांड्यांत लावलं. एक वाढवलेल्या उबेत, एक पूर्वीच्या बेताच्या उबेत. जास्त उबेतलं तरारून आलं, पण कडं नाही. दुसरं सावकाश, रेंगाळत वाढलं, आणि त्याच्या खळग्यांभोवती काचेसारखी लखलखीत कडी उमटली. जीवाणू तेच होते. ऊब वाढली की नुसते फोफावायचे आणि ते द्रव्य करणंच सोडून द्यायचे. आणि ती बसली होती डोकी मोजत.

मॅनेजरला तिने सगळं सांगितलं.

"वा, कारण सापडलं तर! तापमान पूर्वीसारखं करा. विषय संपला."

"आणि मामा?"

"घेऊ की हळूच परत. बोभाटा कशाला? तुमचीच शोभा होईल."

तिला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच इतकी लाज वाटली की तशीच उठून ती मागच्या आवारात गेली.

मामा क्रेटवर क्रेट चढवत होते. ती म्हणाली, "मामा, चूक माझी होती. विरजणाची ऊब मीच वाढवली होती. तुमचा काही दोष नव्हता."

"ते मला ठाऊकच होतं, मॅडम," ते म्हणाले.

आजवर त्यांनी तिला सूनबाई सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"मला कानात सांगून काय उपयोग? हात तुम्ही चारचौघांत हुंगलात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती उभी राहिली. "तपासणीत असं दिसून आलं की तापमानामुळे..." अशी सुरुवात केली. माणसं जेवत राहिली. मामा मान खाली घालून बसले होते. ती गडबडली, थांबली. मग एका दमात म्हणाली, "मी ऊब वाढवली. पाकिटं माझ्यामुळे फुगली. मामांचे हात स्वच्छ होते, आणि मॅनेजरसाहेबांना बशी दाखवतानाही मला ते कळत होतं."

चमच्यांचे आवाज थांबले. त्या दिवशी हसलेला माणूस ताटात बघू लागला. मामांनी डबा बंद केला, "बरं," म्हणाले आणि उठून गेले. टाक्यांवर परत यायला मात्र त्यांनी नकार दिला. "मागे बरं आहे, वारा येतो," एवढंच कारण दिलं.

पाकिटं फुगायची थांबली. बैठकीत मॅनेजरने कारण शोधून काढल्याबद्दल मॅडमचं अभिनंदन केलं, टाळ्याही वाजल्या. टाळ्या संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. संध्याकाळी तिने हे सगळं, स्वतःच्या चुकीसकट, सासूबाईंना सांगितलं. कारखान्यातली गोष्ट तिने आपणहून घरात काढायची ही पहिलीच वेळ.

"मग तो परत टाक्यांवर आला का?"

"नाही म्हणाले."

"मग मला कशाला सांगतेस?" सासूबाई म्हणाल्या आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागल्या. मॅडम तिथेच बसली. थोड्या वेळाने तिने ढिगातला एक सदरा ओढून घेतला आणि त्याची घडी घालू लागली.