बुधवारच्या दोघांचा बाक

मित्रांनो, माझ्यावर बसणार असाल तर आधी टॉवेल टाका. राग मानू नका. छत्तीस वर्षं हा नियम ऐकत आलो, त्यामुळे तोंडात बसला आहे.

मी एक जुना बाक आहे, सॉनातला, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीतला. जुना खुशाल म्हणा, मोडका मात्र म्हणू नका. ऑकलंडच्या हेन्डरसन उपनगरातल्या एका सुताराने मला सीडारच्या लाकडातून घडवलं. हे लाकूड फार तापत नाही, आणि ओलं झालं की छान वास येतो. त्या सुताराने माझे सगळे स्क्रू खालून मारले. सॉनाच्या बाकाचे स्क्रू नेहमी खालूनच मारतात, कारण वरून मारले तर लोखंड तापतं आणि बसणाऱ्याला चटका बसतो. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा.

मला विकत घेतलं ट्रेवरने. १९८८ साली ऑकलंडच्या एका गल्लीत, पाटी नसलेल्या दाराआड, त्याने पुरुषांचं सॉना उघडलं. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष तिथे येत. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत या देशात त्यासाठी तुरुंग होता, त्यामुळे सुरुवातीला येणारा माणूस आधी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघायचा आणि मगच बेल दाबायचा. आतल्या खोल्यांत काय चाले ते ज्याचं त्याच्यापाशी. मी गरम खोलीतला बाक. माझ्या वाट्याला माणसांचं बसणं आणि बोलणं आलं, आणि खरं सांगतो, बोलायलाच येणारे काही कमी नव्हते.

ट्रेवरच्या सॉनाचा एक रिवाज होता. कोणी कोणाला नाव विचारायचं नाही. काउंटरवर लॉकरची किल्ली मिळायची, तिच्यावरचा आकडा हीच तुमची ओळख. ट्रेवर निरोपही पोचवत नसे. फार पूर्वी एकदा त्याने कोणाची तरी चिठ्ठी कोणाला तरी दिली होती. ती भलत्याच हातात पडली आणि एक घर मोडलं. त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला. नव्वदच्या आसपास, एड्सच्या त्या दिवसांत, एकेक नेहमीचा माणूस यायचा थांबू लागला, कायमचा. तेव्हा ट्रेवर एक घडी घातलेला टॉवेल दिवसभर माझ्यावर ठेवून द्यायचा. कोणासाठी ते कोणी विचारायचं नाही. मला वाटायचं, अरे, निदान मेल्यावर तरी नाव घ्या रे त्याचं!

मी मराठी कुठे शिकलो, असं तुम्ही विचाराल. लाकडाला स्वतःची भाषा नसते, जो बसेल त्याची ती उचलतं. माझ्यावर सगळ्यात जास्त बोलले ते दोन मराठी गृहस्थ. दहा वर्षांपूर्वी एका बुधवारी दुपारी एक पन्नाशीच्या घरातले गृहस्थ आत आले, टॉवेल टाकून बसले आणि पुटपुटले, “आई गं, भट्टीच आहे ही.” कोपऱ्यात दुसरे एक होते, वयाने तेवढेच. ते दचकून म्हणाले, “मराठी?” झालं! दोघांनीही चोरी पकडल्यासारखं दाराकडे बघितलं. ऑकलंडमध्ये मराठी माणूस भेटला की एरवी काय आनंद होतो. आडनाव काय, मूळचे कुठले, भाऊ कुठे असतो, पाच मिनिटांत सगळी कुंडली मांडून होते. इथे मात्र दोघांनाही धडकी भरली. उद्या मंडळाच्या कार्यक्रमात हा समोर आला तर?

मग कोपऱ्यातल्यांनी तोडगा काढला. आडनाव नको, गाव नको, नोकरी नको, आणि बाहेर भेटलो तर ओळख नाही. हाकेपुरतं नाव हवं म्हणून ते झाले कृष्णा आणि भट्टी म्हणणारे झाले रमण. दोन्ही नावं खोटी, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. रमणला तीनदा हाक मारल्याशिवाय तो वळायचाच नाही!

पुढे दोघे अरेतुरेवर आले. दर बुधवारी दुपारी दोन वाजता यायचे. काय बोलायचे? मटकीला मोड कसे आणायचे यावर तीन बुधवार गेले. इथल्या थंडीत मोड येत नाहीत म्हणून रमण रडायचा. कृष्णाने सांगितलं, फडक्यात बांध आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेव, जिथे टॉवेल वाळवतोस तिथे. पुढच्या बुधवारी रमण आला तो पोराला शाळेत पहिला नंबर मिळाल्यासारख्या तोऱ्यात. म्हणाला, हीप्स मोड आले, ढीगभर, बोटभर लांब! कृष्णाचं डोकं दुखलं तर रमण अशी गोळी सांगायचा, की हा औषधांच्या दुकानात असणार हे शेंबड्यालाही कळलं असतं. कृष्णा रमणची नाडी नर्ससारखी बघायचा आणि जरा जास्तच वेळ बघायचा. मी सगळं पाहत होतो. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं, मित्रांनो. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि दोघेही नियमाला धरून बसले होते.

एका गणपतीत ते मंडळाच्या हॉलमध्ये समोरासमोर आले. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. प्रसादाची रांग होती, रमणसोबत त्याची मुलगी होती आणि सगळ्यांच्या छातीवर नावाचे स्टिकर होते. कृष्णाने पटकन आपल्या स्टिकरवर हात ठेवला. रमणने वाचायला नको म्हणून मान वळवली. दोघांनीही दिलेला शब्द पाळला. पुढच्या बुधवारी दोघे टॉवेल टाकून नेहमीच्या जागी बसले.

रमण म्हणाला, “तू हात काढला असतास तर मी वाचलं असतं.”

कृष्णा म्हणाला, “तू बघितलं असतंस तर मी काढला असता.”

यानंतर दोघे हसले आणि उठून शॉवरला गेले. मला तेव्हा कुरकुरावंसं वाटलं होतं. आजही तो दिवस आठवला की माझा जीव तुटतो.

मागच्या वर्षी रमणची आई आजारी पडली. तीन महिने भारतात जाऊन येतो, असं तो सांगायला आला. दारापाशी बराच वेळ जँडलमध्ये, म्हणजे इथल्या रबरी चपलेत, पाय घोळवत उभा राहिला. “येतो मग.” कृष्णा म्हणाला, “ये.” अरे, फोन नंबर विचारा ना! नऊ वर्षं एका बाकावर घाम गाळलात, दहा आकडे विचारायला जीभ उचलत नाही? पण बाकाचं कोण ऐकतं.

आणि पंधरा दिवसांत ट्रेवरने दारावर कागद लावला. इमारत पाडून तिथे फ्लॅट उठणार होते, आणि ट्रेवरही सत्तरी ओलांडून गेला होता. कृष्णाने तो कागद दोनदा वाचला. विमानाने जायच्या अंतरावर, हॉर्नबीच्या एका नर्सिंग होममध्ये त्याला नोकरी चालून आली होती, ती तो रमणसाठी टाळत होता. आता इथे थांबायचं कोणासाठी? त्याने ट्रेवरला विनवलं, मी जातोय, त्याला एवढा नंबर दे. ट्रेवर माझ्यावरच बसला होता. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला की आयुष्यभर जे पाळलं ते शेवटच्या आठवड्यात मोडवत नाही.

शेवटच्या बुधवारी कृष्णा एकटाच आला. काउंटरवरचं दोरीचं बॉलपेन त्याने तोडून आणलं होतं. त्याने मला पालथं केलं आणि स्क्रूंच्या शेजारी लिहिलं, ‘विश्वनाथ’. त्याखाली फोन नंबर. त्याखाली, ‘तुझ्या एका शब्दावर परत येईन.’ नऊ वर्षांत त्याचं खरं नाव मी त्या दिवशी वाचलं. मग त्याने मला सरळ केलं, हाताने पुसलं आणि तो गेला.

सामान हलवताना ट्रेवरने स्क्रू आवळायला मला उलटं केलं. दर सहा महिन्यांनी तो हे करायचाच, कारण उष्णतेने स्क्रू ढिले पडतात. मराठी अक्षरं त्याला वाचता आली नाहीत, आकडे आले. त्याने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच खिशात घातला. स्क्रू त्याने आवळले नाहीत. मला कोणी मागितलं तर तो म्हणायचा, हा दिलेला आहे.

तीन महिन्यांनी रमण विमानतळावरून सामानासकट थेट गल्लीत आला. आई गेली होती. आत फक्त धूळ, ट्रेवर आणि मी. रमणने कृष्णाबद्दल विचारलं. ट्रेवर म्हणाला, मला माहीत नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, हा तुमच्या दोघांचा आहे, घेऊन जा, आणि घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे याला उलटा करून स्क्रू आवळ. गाडीत चढवल्यावर काचेवर टकटक करून त्याने पुन्हा सांगितलं, “स्क्रू. विसरू नकोस.” रमण म्हणाला, “स्वीट अ‍ॅज,” म्हणजे इथल्या बोलीत ‘बरं, ठीक’. त्याचे डोळे भरले होते, त्याला काही ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

आता मी हेन्डरसनला, त्याच्या घरामागच्या डेकवर, लाकडी ओट्यावर, असतो. जिथे घडलो त्याच गावी आलो म्हणायचं. रमणचं खरं नाव रवींद्र. त्याची मुलगी ऋग्वेदा रविवारी येते, तिची मैत्रीण त्याला त्याच नावाने हाक मारते. ऋग्वेदा पहिल्यांदा माझ्यावर बसली तेव्हा मी मुद्दाम डुगडुगलो. ती म्हणाली, “बाबा, इट्स सो वॉबली. जस्ट फ्लिप इट, आय विल टाइटन द स्क्रूज.” आणि तिने मला एका बाजूने उचललंसुद्धा. मित्रांनो, माझा श्वास अडकला!

रवींद्र धावत आला. “नको,” तो म्हणाला. “होता तसाच राहू दे. हात लावू नकोस त्याला.”

त्याने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून माझ्या पायाखाली सारला. एवढ्या जपणुकीने, एवढ्या मायेने माझं कोणी कधी काही केलं नव्हतं. मी बोंबलून सांगितलं असतं, पण मला कुरकुरण्यापलीकडे काही येत नाही.

मंडळात विचारायला तो एकदा निघाला होता. काय म्हणून विचारू, असं स्वतःशीच म्हणत परत येऊन बसला. मटकी तो अजून टाकीच्या कपाटात ठेवतो. दर बुधवारी दोन वाजता टॉवेल टाकून माझ्या एका टोकाला बसतो, दुसरं टोक मोकळं सोडतो. कधी तरी “कृष्णा” म्हणतो. ज्या नावाने हाक मारतो ते खोटं आहे, आणि खरं त्याच्याखाली वीतभर अंतरावर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण नुसत्या पुजू नका. पुठ्ठे सारू नका. त्यांना उलटं करा, बघा, स्क्रू आवळा. आणि जो माणूस वर्षानुवर्षं तुमच्या शेजारी येऊन बसतो त्याला नाव विचारा. नियम असला तरी विचारा. फार तर तो सांगणार नाही.

तुमच्यापैकी कोणी हेन्डरसनला राहत असेल, तर बुधवारी दुपारी रवींद्रकडे एवढा निरोप पोचवा, की तुमच्या बाकाचे स्क्रू ढिले झालेत. पण जरा लवकर जा. इथला पाऊस खालून वर उडतो, बॉलपेनची शाई लाकडात पसरते. ‘विश्वनाथ’ अजून नीट वाचता येतं. नंबरातले शेवटचे दोन आकडे या हिवाळ्यात गेले.