शेजारचा ब्रेक

मास्तरांना आपल्या उजव्या पायाचा जेवढा अभिमान होता, तेवढा पोटच्या पोरांचाही नसेल. गाडी शिकवणं हा त्यांचा धंदा. शिकवणाऱ्याच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो, शिकणाऱ्याने घोळ घातला तर गाडी थांबवायला. बाकीचे शिकवणारे तो दाणकन दाबतात, गाडी आचका देते आणि शिकणाऱ्याचं तोंड एवढंसं होतं. मास्तरांचं तसं नाही. ते ब्रेक इतका हलकेच दाबत की शिकणाऱ्याला वाटे, आपणच थांबवली. त्याचा चेहरा असा काही खुले की बघत राहावं. "बघा, जमलं की नाही," मास्तर म्हणत, आणि मनात म्हणत, बोडक्याचं जमलंय.

"या शहरातला निम्मा आत्मविश्वास माझ्या घोट्यातून निघालाय," ते जेवताना बायकोला ऐकवत.

"मग घोट्याला सांगा, जेवण झाल्यावर ताट उचलून ठेव," बायको म्हणे.

हे असंच सुखात चाललं असतं, पण सासूबाईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं.

सासूबाई दातांच्या डॉक्टर. दवाखाना बंद करून घरी बसल्या होत्या, तरी समोरचा माणूस बोलायला लागला की त्या अजून त्याच्या दाढांकडेच बघत. सासऱ्यांची नजर अधू झाल्यापासून त्यांची गाडी दारात धूळ खात पडली होती आणि शेजाऱ्याचा तिच्यावर डोळा होता. सासूबाईंनी घरात जाहीर केलं, "मला लायसन्स मिळालं तर गाडी राहील, नाही मिळालं तर विकून टाका. पण कुठे जायचं म्हटलं की दुसऱ्याच्या सवडीकडे बघत बसायचं, हे मला आता जमायचं नाही." हा दुसरा म्हणजे कोण, हे मास्तरांना बरोबर कळलं. त्यांनी सासऱ्यांच्या त्याच गाडीत शेजारचा ब्रेक बसवून घेतला आणि शिकवणी सुरू केली. सासरे मागच्या सीटवर बसून, काही दिसत नसताना, सूचना करत.

शिकवणी झकास चालली. परीक्षेत मात्र सासूबाई सपशेल आपटल्या. परीक्षक शेजारी हाताची घडी घालून, पाय आखडून बसला होता. थांबायची पांढरी रेघ आली, गेली, आणि पुढचे दोन प्लास्टिकचे शंकू आडवे करून गाडी कशीबशी थांबली.

"टेन्शन आलं की होतं असं, आई," परत येताना मास्तर म्हणाले.

"टेन्शन नव्हतं हो. मी थांबायचं ठरवलं आणि गाडी थांबलीच नाही. एरवी मी ठरवायचा अवकाश, ती थांबलेलीच असते. मला वाटायचं, या वयातसुद्धा काय तल्लख आहे मी." हे बोलताना त्या मास्तरांच्या पायांकडे बघत होत्या. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या परीक्षेची तारीख मिळाली. हीच शेवटची संधी, असं सासूबाईंनी स्वतःच ठरवून टाकलं. शिकवणी पुन्हा चालू झाली आणि मास्तरांच्या पायाला जणू सिद्धीच मिळाली. सिग्नल असो, गतिरोधक असो, आडवं आलेलं कुत्रं असो, गाडी अशी थांबे की डॅशबोर्डवरचा चष्मादेखील हलू नये. "हल्ली जोरही लावावा लागत नाही," ते बायकोला म्हणाले. "नुसतं मनात आणलं, पाय टेकवला, की थांबली. पण तुझ्या आईचं काही खरं नाही. परीक्षेत माझा पाय कुठून आणणार?"

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. इतकं वाईट वाटत होतं की त्यांनी शेजाऱ्याला हळूच सांगूनही टाकलं, गाडी तुमचीच समजा.

मग एके दिवशी एक चौक आला. लांबून कचऱ्याची गाडी रांगत येत होती. मास्तरांच्या मनात आलं, थांबावं. त्यांनी पाय टेकवला. गाडी थांबली नाही. त्यांनी जोर लावला. गाडी निवांत पुढे निघाली. त्यांनी सीटवरून बूड उचलून सगळं वजन पायावर टाकलं, तरी गाडीने चौक शांतपणे ओलांडला, कचऱ्याची गाडी अजून लांबच होती, आणि मास्तरांच्या अंगाला दरदरून घाम फुटला.

त्यांच्या मनात ब्रेकचा विचारसुद्धा आला नाही. जन्मभर इमानाने वागलेला ब्रेक कसा बिघडेल? पाय गेला, दुसरं काय. मेंदूत कुठेतरी शीर तुटली आणि पायाला हुकूम पोचेनासा झाला.

"आई, गाडी बाजूला घ्या," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला झटका आलाय."

सासूबाईंनी आरशात बघितलं, वळायचा दिवा लावला आणि गाडी अलगद कडेला उभी केली. मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "हसा."

"काय?"

"हसून दाखवा हो."

मास्तर हसले. ते रडण्यासारखंच दिसलं.

"तोंड वाकडं झालेलं नाही. आता हात वर करा. दोन्ही. छान. मागची दाढ तेवढी कुणाला तरी दाखवून घ्या. पाय धडधाकट आहे तुमचा. ब्रेक नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"तुमच्या बाजूचा. नापास झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून त्याची जोडणी काढून टाकली. पेडल तसंच ठेवून खाली एक स्प्रिंग बसवायला सांगितली, म्हणजे तुमच्या पायाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला नको."

मास्तरांची ततपप झाली. "मग परवाचं ते कुत्रं?"

"मी थांबवली."

"शाळेपुढची पोरं?"

"मीच."

"अहो, पण मला स्पष्ट आठवतंय. मी दाबला आणि मग थांबली."

"रोज डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमचा गुडघा बघतेय मी. गाडी मंद व्हायला लागते, मग तो हलतो. तुमचं डोकं आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांसारखं आहे. काम दुसऱ्याने उरकलं की मागाहून सही ठोकायची, आणि तारीख टाकायची आदल्या दिवशीची."

"मला माहीत होतं," मागून सासरे म्हणाले.

"तुम्हाला काहीही माहीत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

मास्तर आता चिडले. "मला सांगायला नको? काही झालं असतं म्हणजे?"

"शिकवताना तुम्ही तरी सांगितलं होतं का मला? रागावू नका. ही लबाडी माझ्या ओळखीची आहे. मी पेशंटला सांगायचे, दुखलं तर हात वर करा, मी लगेच थांबते. बिचारे हात वर करायचे. मी माझं संपत आलं की थांबायचे. आणि खुर्चीवरून उतरताना तेच म्हणायचे, डॉक्टर, तुम्ही किती ऐकता."

"मग मी वेगळं काय केलं?"

"त्यांना घरी जाऊन स्वतःचे दात स्वतः उपटायचे नव्हते, मास्तर. मला मात्र एकटीनं गाडी चालवायचीय."

इतकी वर्षं ज्यांचे चेहरे खुललेले बघून मास्तर खूश व्हायचे, ते सगळे चेहरे त्यांना एकदम आठवले. त्यांतले किती जण कुठल्या रेघेवर आपटले असतील कोण जाणे. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवावी असंही वाटेना.

"आई, मी शेजाऱ्याला गाडी देतो म्हणून बसलोय," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. टायर दाबून बघून गेला तो. आता पाय वर घेऊन मांडी घाला आणि मला घाटात न्या."

मास्तरांनी मांडी घातली. घाटात ते जेवढे घाबरले तेवढे लग्नातही घाबरले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी ते सासऱ्यांबरोबर कडेच्या बाकावर बसले. गाडी पांढऱ्या रेघेच्या अलीकडे, टाचणी ठेवावी तशी उभी राहिली. परीक्षकाने उतरून सासूबाईंशी हात मिळवला. मग त्या गाडी बाकापाशी घेऊन आल्या, पण ती बंद न करताच थांबल्या.

"मी जरा जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

आणि त्या गेल्यासुद्धा. मैदानाच्या फाटकापुढे उतार होता आणि उताराखाली वळण. गाडी मास्तरांना पटेल त्यापेक्षा जोरात चालली होती आणि शेजारची सीट रिकामी होती. आपण सासूला गमावणार असं त्यांना मनापासून वाटलं, आणि ती आपल्याला हवी आहे हेही तेव्हाच कळलं. वळणाच्या तोंडाशी मागचे लाल दिवे लागले. मग मास्तरांचा उजवा पाय मातीत रुतला. आधी दिवे, मग पाय. या वेळी त्यांनी नीट बघितलं. तरी आतून कुणीतरी ठासून सांगतच होतं, थांबवली आपणच.

"काय झालं? मंद झाली का गाडी?" सासऱ्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

मास्तरांनी पाय उचलला. आतल्याचं सगळं बोलणं संपेपर्यंत ते गप्प राहिले.

"आईंनी केली," ते म्हणाले.