दाण्याचा आवाज

गहू शिजला की नाही, हे त्या घरात कानाने ठरायचं.

बाईंच्या हाताला चव होती, पण अख्खे गहू उकडायला ठेवले की त्यांचा अंदाज हमखास चुकायचा. एक तर दाण्यात कणी राहायची, नाहीतर सगळ्याचा गिच्च गोळा व्हायचा. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. गल्लीत काय आणि नात्यात काय, सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. लेकीने अख्ख्या धान्याच्या सॅलडचं खूळ घरात आणलं तेव्हा ते म्हणाले होते, "हा घोड्याचा खुराक झाला. आता माझ्या पाठीवर खोगीर तेवढं घाला." आणि पुढे तेच त्या खुराकाच्या नादी लागले.

बाई पातेल्यातला एक दाणा चमच्यावर काढून, फुंकर घालत त्यांच्याकडे न्यायच्या. घड्याळजी डोळे मिटून, मान तिरकी करून तो पुढच्या दातांत फोडायचे. दुकानात घड्याळ कानाशी धरायचे, अगदी तस्सं. मग "थांब" नाहीतर "काढ". काढ म्हटलं की गॅस बंद, गहू चाळणीत, तिथून पांढऱ्या फडक्यावर. कोमट असतानाच लिंबू आणि तेल. गार झाल्यावर काकडी, पुदिना, डाळिंबाचे दाणे. मीठ अगदी वाढताना, नाहीतर काकडी पाणी सोडते. 

"तुझ्या एकटीवर सोपवलं ना, तर खळ होईल," ते चिडवायचे. "पोरं पतंग चिकटवायला मागायला येतील."

मग घड्याळजींना झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, गिळणंही गेलं. नळीतून पातळ पेज सुरू झाली आणि बाईंनी गव्हाचा डबा वरच्या फळीवर सारला. 

"आई, तू स्वतः काय खातेस? चहा आणि काळजी?" म्हणत लेकीनेच तो एका रविवारी खाली काढला. गहू शिजत आले तशा बाई सवयीने चमचा घेऊन पलंगापाशी गेल्या. घड्याळजींनी तोंड उघडलं. दाणा घशात अडकला तर? बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला आणि नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. काय सुचलं कोण जाणे, बाई वाकल्या, तो दाणा त्यांच्या कानाशी स्वतःच्याच दातांत फोडला आणि त्यांचा चांगला हात हातात घेऊन थांबल्या. घड्याळजींनी डोळे मिटले. मान किंचित तिरकी झाली. बोट बाईंच्या तळव्यावर एकदा दाबलं गेलं. थांब. थोड्या वेळाने दुसरा दाणा फोडला, तेव्हा दोनदा. काढ.

त्या दिवशीचा गहू मोत्यासारखा झाला होता.

तेव्हापासून बाईंनी नेमच धरला, त्यांच्या होकाराशिवाय घास घ्यायचा नाही. कधी गहू, कधी जव, कधी ज्वारी. शेजारीपाजारी वाट्या जायला लागल्या. "मी काय गाय आहे का गं, एवढं धान्य खायला?" लेक म्हणायची, आणि खायची. बाई सकाळी देवापुढे हात जोडून एवढंच मागायच्या, आणखी काही नको, त्यांचा कान तेवढा राहू दे.

पण बोट हलकं होत गेलं. डॉक्टर परवा हळूच म्हणाले, "आता ऐकू येतं असं धरून चालू नका." बाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आज त्यांनी दाणा फोडला आणि हात धरून बसल्या. काहीच नाही. झोपेत असतील. पुन्हा एक फोडला. पातेलं रटरटत होतं. काढ म्हटल्याशिवाय त्या घरात गहू कधी उतरलाच नव्हता; बाईंना उठायचंच सुचेना. पाण्याचा वास बदलला, दाणे उकलले, तरी त्या तळवा पसरून बसलेल्याच.

दार वाजलं. लेक काकड्यांची पिशवी घेऊन आली.

"काय म्हणाले बाबा?"

"काढ म्हणाले की. दोनदा दाबलं." बाई तिच्याकडे न बघता बोलल्या आणि गॅस बंद करायला गेल्या.

लेकीने वाटी घेतली, एक घास खाल्ला. तो चावावा लागलाच नाही. तिने वाटी खाली ठेवली.

"आई, कधीपासून?"

"आजच." बाई जरा थांबल्या. "काल दाबलं होतं गं. मला तरी तसं वाटलं." 

तेवढ्यात बाईंचा चेहरा एकदम उजळला. "अगं, पण मी धड वेळेवर फोडलेच कुठे? पहिला कच्चा होता, दुसरा पार मऊ. आवाजच नाही तर ते ओळखणार कशावरून?"

लेकीने हातातली वाटी पातेल्यात रिकामी केली. "भिजवलेले आहेत का आणखी? मग लाव."

उद्यासाठी भिजवलेले गहू बाईंनी चढवले. या वेळी त्या ओट्यापासून हलल्या नाहीत. एकेक दाणा काढून स्वतःच फोडत राहिल्या, डोळे मिटून, मान तिरकी करून. कच्चा, कच्चा, अजून कणी. आणि मग आला तो आवाज, टच्च, बारीक, भरलेला. इतकी वर्षं ते काय ऐकत होते ते बाईंना आज कळलं. चमचा घेऊन त्या जवळजवळ धावल्याच.

दाणा त्यांच्या कानाशी फुटला. लेकीलाही दारातून ऐकू आला.

"बाबा, आई आलीये," ती वाकून म्हणाली. "सांगा ना तिला, नाहीतर ही परत खळ करेल."

हात ऊबदार होता. बोट तळव्यावर होतं तसंच पडून राहिलं. 

दाणे उकलायच्या आत बाई उठल्या. "काढते हं," त्या पलंगाकडे बघून म्हणाल्या. गहू फडक्यावर पसरले तर दाण्याला दाणा चिकटला नव्हता. लेकीने एक तोंडात टाकला.

"बरोब्बर झालाय गं."

"मला हे यायला नको होतं," बाई म्हणाल्या.

लिंबू लागलं, तेल लागलं. लेकीने वाटी आणून पुढे धरली. बाईंनी मान हलवली, नेम होता. मग लेक पलंगावर बसली. तिने बापाचा हात उचलला, आईच्या तळव्यावर ठेवला आणि त्यांचं बोट आपल्या बोटाने दाबलं. एकदा. पुन्हा एकदा.

"बघ. काढ म्हणाले. खा आता."

बाईंनी तिच्या बोटाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे. तो हात न सोडता त्यांनी तोंड उघडलं आणि लेकीने भरवलेला घास त्या हळूहळू, त्यांच्या कानाजवळ बसून चावत राहिल्या.