घोरणाऱ्या सरांची तक्रार

कान-नाक-घशाचे ते डॉक्टर हाताने हुशार, पण तोंडाने सैल. दवाखान्यातली कुठलीच गोष्ट त्यांच्या पोटात राहत नसे. झोपेच्या तपासणीसाठी आलेल्या भूगोलाच्या सरांचं घोरणं त्यांनी मोबाइलवर टिपलं आणि ‘भूगोलाच्या सरांची आगगाडी आली रे’ असं लिहून मित्रांच्या ग्रुपवर टाकलं. मित्रांनी ते पुढे ढकललं. आठवडाभरात ते थेट सरांच्या वर्गात पोचलं. सर फळ्याकडे वळले रे वळले, की मागच्या बाकांवर घोरणं सुरू!

सरांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. सुनावणीची नोटीस आली तरी डॉक्टर हसतच होते.

"चेहरा कुठे दिसतोय? पाच मिनिटांत सुटतो बघ," ते आत्याला म्हणाले. आत्यानेच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. भाच्याला धीर द्यायला ती सोबत आली.

परिषदेच्या व्हरांड्यात एकच बाक होता, त्यावर सर आधीच बसलेले. आत्या शेजारी टेकली आणि कोण, कुठले करता करता तिने त्यांच्याच तोंडून सगळं ऐकलं.

"पोरांवर राग नाही हो," सर म्हणाले. "पण मी झोपलो होतो. डॉक्टरांच्या भरवशावर झोपलो होतो."

आत्या तडक उठली आणि खिडकीपाशी वकिलाशी बोलणाऱ्या भाच्याला तिने बाजूला घेतलं.

"माझ्या मूळव्याधीचं कुणाला सांगितलंस?"

"आत्या, हे काय मधेच?"

"सांगितलंस का?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. आत्या हवेच्या रबरी चकतीवर बसते, हा किस्सा त्यांनी त्याच ग्रुपवर तिखटमीठ लावून सांगितला होता.

"तरीच!" आत्या म्हणाली. "तुझे मित्र घरी आले की धावत जाऊन माझ्या खुर्चीत उशी ठेवतात. मी म्हणायची, किती गुणाची पोरं!"

एवढं बोलून ती परत सरांशेजारी जाऊन बसली.

आत लांब टेबलामागे तीन सदस्य होते. वकिलाने "चेहरा दिसत नाही" म्हणायला तोंड उघडलं, तोच डॉक्टर उभे राहिले.

"राहू द्या. चूक माझी आहे. त्यांना न विचारता टिपलं, न विचारता पाठवलं. मला गंमत वाटली, त्यांचं काय होईल हे मनातसुद्धा आलं नाही."

अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कबूल केलंत, बरं झालं. शिक्षा मात्र टळणार नाही."

तीन महिने दवाखाना बंद, वर सरांना लेखी माफी.

डॉक्टरांनी तिथेच कागद मागून माफी खरडली आणि व्हरांड्यात सरांच्या हातात दिली. सरांनी खिशातलं पेन काढलं, सावकाश वाचत चार ठिकाणी गोल केले आणि कागद परत दिला.

"भावना पोचल्या. पण ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पुन्हा लिहा."

डॉक्टर निमूटपणे बाकावर बसले. आत्या सरकली आणि तिने त्यांना लिहायला जागा करून दिली.