जोडकप्प्या

बाळ्या इतका दमला होता की सकाळी बुटांच्या नाड्या बांधतानाही त्याला मध्ये थांबावंसं वाटे. वय पंचावन्न, डोक्याला टक्कल, पण थोरल्या भावाच्या तोंडी तो अजून बाळ्याच. वडील लवकर गेले, तेव्हा दादानेच त्याला वाढवलं. आता दादाचा उजवा खांदा कामातून गेला, त्यामुळे आठवडाभर दुकान आणि रविवारी दादाच्या शिडाच्या होडीत दोर ओढायला बाळ्या. नाही म्हणायची सोयच नव्हती.

शेवटी दादानेच तोडगा काढला. येत्या रविवारी भरल्या वाऱ्यात तो मोठं शीड एकट्याने आत ओढून दाखवणार. जमलं तर होडी राहील, नाहीतर विकून मोकळं व्हायचं. विकली तर आपणही सुटलो, असं बाळ्याच्या मनात आलंच. माणूस आहे, येणारच.

पण दादा हरलेला बघायचं त्याच्या जिवावर आलं. शनिवारी दुकान बंद करून तो गुपचूप धक्क्यावर गेला. शिडाचा दोर एक कप्पी तळाला आणि एक शिडाखालच्या आडव्या काठीला, अशा दोन कप्प्यांतून ओवलेला होता. त्या काढून त्याने दोन-दोन चाकांच्या जोडकप्प्या बसवल्या आणि दुकानाच्या माळ्यावरून आणलेला लांब, जुनाट दोर ओवला. आता जोर निम्माच लागणार होता, दोर मात्र दुप्पट ओढावा लागणार होता. यालाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, असं पुटपुटत त्याने शेवटचा स्क्रू पिळला.

रविवारी वारा चांगला होता. बाळ्या सुकाणूवर बसला. दादाने डाव्या हाताने दोर ओढला, दोर धरून ठेवणाऱ्या चापात अडकवला, पुन्हा ओढला. फडफडणारं शीड ताठ झालं आणि होडी जरा कलून पळू लागली. वाऱ्याचा झोत आला तसा त्याने दोर हातभर सोडला, होडी सावरली आणि शीड पुन्हा आत घेतलं. खांदा गेला असेल, पण दादाची नजर शाबूत होती.

"झालं तर मग," दादा म्हणाला. "पुढच्या रविवारपासून तू येऊ नकोस. मी एकटा येत जाईन."

एकटा म्हणजे सुकाणूही तोच धरणार आणि दोरही तोच ओढणार. खोल पाण्यात काही झालं तर कोण होतं त्याला?

"दादा, ही तुझी ताकद नाही. काल मी कप्प्या बदलल्या."

"पायाशी बघ किती दोर साचलाय," दादा शिडावरची नजर न काढता म्हणाला. "पूर्वी याच्या निम्मा साचायचा. जन्म गेला माझा हा दोर ओढण्यात. मला कळणार नाही होय?"

"मग एकटा येत जाईन, असं का म्हणालास?"

"जातोय कुठे मी? धक्क्याला बांधलेल्या होडीत बसेन, चहा पिईन, घरी जाईन. तू तेवढीच झोप काढशील. रविवारी तुझं तोंड बघवत नाही रे."

आपला थकवा कुणाला दिसत नाही, असंच बाळ्या वर्षभर धरून चालला होता. त्याला लाज वाटली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज जास्त वाटली.

"पुढच्या रविवारी येतो मी," तो म्हणाला.

"नको," दादा म्हणाला आणि त्याने होडी धक्क्याकडे वळवायला सांगितली.