न घासलेली बाजू

गिटारच्या गोल छिद्राच्या खाली, दोन फळ्या जिथे जुळतात त्या सांध्याच्या दोन्ही अंगांना, तांदळाच्या दाण्याएवढी एकेक काळपट रेघ होती. दोन्ही रेघांची शेपटं सांध्याकडे वळलेली होती. नोबुएने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाकून पाहिलं. रेघा तिथेच होत्या.

राळेच्या रेघा. जाड फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली, की लाकडातली प्रत्येक खूण दोनदा दिसते, आरशात पाहावी तशी. राळ काय, कुठल्याही स्प्रूसच्या लाकडात असू शकते. पण या वळणाच्या रेघांवर नोबुएने स्वतः बोट फिरवलेलं होतं. फळ्यांच्या त्या जोडीला ती ‘बेडकाची पिल्लं’ म्हणायची. तिचा नवरा, त्सुनेओ, म्हणायचा, “बेडकांचे पैसे कोण देणार?” आणि जोडी परत फडताळाच्या तळाशी सरकवायचा. तो गेल्यावर तिने फडताळ आवरायला घेतलं, तेव्हा ती जोडी जागेवर नव्हती.

आणि आता ती तोक्योच्या या प्रदर्शनात, त्सुनेओच्या हाताखाली गिटार करायला शिकलेल्या हियामाच्या टेबलावर, गिटार होऊन उभी होती.

हियामा जागेवर नव्हता. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, टॉवेल ओला करायला गेलाय. हिवाळ्यात या हॉलमधली हवा इतकी कोरडी पडते की प्रत्येक कारागीर खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल टाकून बसतो. नाहीतर लाकूड तडकतं. ही सवय हियामाला त्सुनेओनेच लावली होती. सगळंच त्याने शिकवलं होतं. पटाशी धरण्यापासून ते सरस ऊन करण्यापर्यंत.

मग त्सुनेओची फुप्फुसं आकसत चालल्याचं निदान झालं. नोबुए औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती. डॉक्टरांनी अर्धं सांगितलं तरी तिला पुरलं. लाकडाची पूड बंद, म्हणजे बंद. कारखान्याला तिने स्वतःच्या हाताने कुलूप घातलं आणि हियामाला सांगितलं, “उद्यापासून येऊ नकोस.” तो वाकला आणि निघून गेला. पुढे अंत्यविधीला आला, पण उदबत्ती लावून, मान वर न करता, जेवणाला न थांबता परतला. तेव्हा तिला ते खटकलं होतं. आता त्याचा अर्थ लागत होता.

गिटारच्या पायाशी एक लहान कार्ड होतं. ‘विक्रीसाठी नाही.’

“बघा, हे असं असतं,” मागून कोणीतरी म्हणालं. “विक्रीसाठी नाही म्हणायचं, आणि भाव चढला की मग हळूच काढायची.”

दोन पुरुष टेबलापाशी आले होते. बोलणारा जाडसर, कपाळावर घाम असलेला. दुसरा सडपातळ, पांढऱ्या केसांचा, कोटाच्या वरच्या खिशात पेनाऐवजी काहीतरी चकाकणारं खोचलेलं. नोबुए बाजूला सरकली. तोंडावर मास्क होता. प्रदर्शनाला आलेली आणखी एक बाई, एवढीच ती दिसत होती.

“तोकुमारू, तू आधी वास घे, मग बोल,” पांढऱ्या केसांचा म्हणाला.

जाड्याने हात पाठीमागे बांधले, वाकून गोल छिद्राला नाक लावलं आणि डोळे मिटले.

“महॉगनी. आणि खरा सरस, डब्यातला नाही.”

“तुझ्या नाकाला सुक्या माशाच्या रश्शापलीकडे काही कळतं का? वीस वर्षं सोबा नूडल्सचं दुकान चालवतोयस.”

“उशिओदा डॉक्टर, तुम्ही लोकांच्या तोंडात वाकून जन्म काढलात, तुम्ही वासाबद्दल न बोललेलं बरं.”

डॉक्टर हसले. खिशातून त्यांनी काढला तो दात बघायचा आरसा होता, लांब दांड्याचा, आणि बोटाएवढा टॉर्च.

“विचारलंत का त्याला?” तोकुमारू म्हणाला.

“हियामाची प्रत्येक गिटार मी आतून पाहिलेली आहे. त्याला माहीत आहे. कुरोइवांच्या हाताखालचा माणूस. आतून काम ताटलीसारखं गुळगुळीत असतं.” डॉक्टरांनी तारा बोटाने हलकेच बाजूला केल्या आणि आरसा आत घातला. आपलं आडनाव परक्याच्या तोंडी ऐकून नोबुएने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

डॉक्टरांनी टॉर्चही आत वळवला. आरसा एका बाजूने फिरला, मग दुसऱ्या.

“काय झालं? कीड लागलीय?”

“आतली चिठ्ठी कोरी आहे. नाव नाही, साल नाही, काही नाही.” डॉक्टरांचा आवाज बदलला होता. “आणि आधारपट्ट्या घासलेल्याच नाहीत. पटाशीचे काप तसेच सोडलेत. एकूण एक.”

“घाईत केली असेल.”

“घाईचं काम नाही हे. काप स्वच्छ आहेत, दमदार आहेत. फक्त पॉलिश पेपर फिरवलेला नाही.” त्यांनी आरसा आणखी तिरका केला. “आणि तोकुमारू, सगळे काप उलटे उतरतात. हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे.”

“हियामा तर उजव्या हाताने जेवतो. मीच वाढलंय त्याला.”

“तेच म्हणतोय मी.”

नोबुएला हॉलमधला गलबला एकदम लांब गेल्यासारखा वाटला. कुठेतरी कोणीतरी एकच सूर पुन्हा पुन्हा छेडत होतं.

“म्हणजे दुसऱ्याचं काम आणून स्वतःच्या टेबलावर ठेवलंय,” तोकुमारू म्हणाला. “चिठ्ठी कोरी ठेवलीय, म्हणजे पकडला गेला तर ‘माझी म्हटलंच नव्हतं’ म्हणायला मोकळा.”

“संयोजकांच्या कानावर घालायला हवं.”

“पुढच्या वर्षी टेबल नाही मिळणार त्याला.”

“मिळू नये.” डॉक्टरांनी मग अचानक नोबुएकडे पाहिलं. “तुम्ही मघापासून बघताय. तुम्हाला कळतं का गिटारमधलं?”

“वाजवता येत नाही,” नोबुए म्हणाली. “मी आत पाहू का?”

डॉक्टरांनी जरा आश्चर्याने आरसा आणि टॉर्च तिच्या हातात दिले. दुकानात ती तराजूच्या काट्यावर डोळा ठेवायची, तसाच तिने आरसा डोळ्यासमोर धरला आणि टॉर्च हवा तेवढाच वळवला. आरशात पट्ट्या दिसल्या. पट्टीच्या टोकाशी उतार होता आणि उतारावर एकामागून एक छोटे सपाट काप, उजवीकडून डावीकडे उतरणारे. डावखुऱ्या त्सुनेओचे असे काप तिने असंख्य वेळा पाहिले होते. पण फक्त अर्धवट कामावर, संध्याकाळी चहा घेऊन कारखान्यात गेली की. सकाळपर्यंत ते घासून नाहीसे झालेले असत. त्सुनेओने आतलं काम न घासता कधी बंद केलं नव्हतं. कोणाला दिसत नाही म्हणून सोडायचं, हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

हात त्याचाच होता, पण असं सोडून देणं त्याचं नव्हतं.

आणि ती जोडी तर न कापलेली, फडताळातच होती, कुलूप लागलं तेव्हा. ते तिला पक्कं आठवत होतं. मग अर्धवट काम चोरलं म्हणावं तर तसं काम कारखान्यात नव्हतंच. तिने आरसा बाहेर काढला आणि टॉर्चसकट डॉक्टरांना परत दिला.

हियामा निथळणारा टॉवेल घेऊन आला तेव्हा तिघंही त्याच्या टेबलापाशी उभे होते. तो आधी डॉक्टरांकडे पाहून हसला. मग त्याची नजर मास्कच्या वरच्या डोळ्यांवर गेली आणि तो जागच्या जागी कमरेत वाकला. टॉवेलातलं पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत राहिलं.

“ओकामिसान.”

गुरूच्या बायकोला हाक मारायची ती रीत. तिला तसं हाक मारणारा जगात तो एकटाच उरला होता. डॉक्टर आणि तोकुमारूने एकमेकांकडे पाहिलं.

“हियामा,” डॉक्टर म्हणाले, “आडवळणाने विचारत नाही. ही गिटार तू केलेली नाहीस.”

“बाजू आणि मागची फळी माझी आहे. मानही.”

“आणि आतलं?”

“नाही.”

“मग कोणाचं?”

हियामा टॉवेलाची घडी घालू लागला. घडी चुकली, त्याने पुन्हा घातली. “सांगणार नाही, असा शब्द दिलाय.”

“कोणाला?” तोकुमारू म्हणाला. “सोयीचा शब्द आहे बुवा.”

नोबुएने मास्क खाली ओढला. “ही जोडी तुझ्याकडे कशी आली?”

त्याने टॉवेलाची घडी पुन्हा उलगडली.

“फडताळाची किल्ली माझ्याकडे होती आणि त्यांच्याकडे. तुझ्याकडे नव्हती. कशी आली?”

“ओयाकातांनी आणली,” हियामा म्हणाला. इतकं हळू, की तोकुमारूला पुढे वाकावं लागलं. आपल्या गुरूला, त्सुनेओला, तो ओयाकाता म्हणायचा. “बसने. टॉवेलात गुंडाळून.”

टॉवेल. दर गुरुवारी, ती दुकानात असायची तेव्हा, त्सुनेओ गरम झऱ्यावर आंघोळीला जायचा. वाफेने छाती मोकळी होते म्हणायचा. संध्याकाळी केस ओले, अंगाला साबणाचा वास. आणि पिशवीतला टॉवेल कोरडा. ती तो कोरडा टॉवेल दोरीवर वाळत घालायची आणि काही विचारायची नाही. तिने त्याचा एक अर्थ लावला होता, दुसऱ्या बाईचा. या वयात, या प्रकृतीत, असं मनाशी म्हणत तिने तो अर्थ त्याच्या आजारपणभर सांभाळला होता, त्याला औषधं मोजून देताना, पाठ चोळताना, आणि तो गेल्यावरही.

“गुरुवारी,” ती म्हणाली.

“हो.”

“केस तुझ्याकडे धुवायचे.”

“नळावर. भुसा राहिला तर तुम्हाला दिसेल म्हणून.”

डॉक्टरांचा टॉर्च अजून चालूच होता. त्यांनी तो बंद केला.

नोबुएच्या मनात आकडेमोड सुरू झाली होती. अमुक इतका वेळ, बंद खोली, हवेत तरंगणारी पूड, आधीच निम्म्यावर आलेला श्वास. ती थांबवता येईना. तिने जे विचारलं ते तिलाच परक्या माणसाने विचारल्यासारखं ऐकू आलं.

“मास्क?”

“दोन. एकावर एक. आणि खिडकी सताड उघडी ठेवायला लावायचे, जानेवारीतसुद्धा. मी कुडकुडायचो.” हियामाने पहिल्यांदाच मान वर केली. “पॉलिश पेपरला त्यांनी एकदाही हात लावला नाही, ओकामिसान. नुसती पटाशी. म्हणायचे, पटाशीच्या ढलप्या जड असतात, खाली पडतात. फुप्फुसात जाते ती घासलेली पूड. हे मला बायकोने शिकवलंय, म्हणायचे. मी म्हटलं, आतून मी घासून देतो, तुम्ही बाहेर बसा. तर म्हणाले, राहू दे. आत वाकून बघणार कोण?”

तोकुमारूच्या तोंडून हसू निसटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. उशिओदा डॉक्टरांनी आरसा रुमालात गुंडाळला, रुमाल आतल्या खिशात ठेवला, आणि खिशावरून हात फिरवत म्हणाले, “हं.”

“विकू नको म्हणाले,” हियामा पुढे म्हणाला. “बेडकांचे पैसे कोण देणार, म्हणाले. मला ते कळलं नाही. चिठ्ठीवर नाव कोणाचं घालायचं, ते तुम्हाला विचारायचं होतं. दोनदा दारापर्यंत आलो होतो. कारखान्याचं कुलूप बघून परत गेलो.”

नोबुएने हात पुढे केला. गोल छिद्रातून आत तिची तीनच बोटं गेली. पट्टीच्या टोकाशी कापांच्या कडा होत्या, किंचित धारदार, न घासलेल्या. ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर बोट नेत राहिली. तारा तिच्या मनगटाला लागून हलकेच वाजल्या.

“तर इथे आहात होय!”

नागोयाचा लाकूडव्यापारी शिओमी गर्दीतून वाट काढत येत होता, गळ्यात प्रदर्शनाचा बिल्ला, चेहऱ्यावर ओळखीचं हसू. दोन वर्षं तो कारखान्यातलं सगळं लाकूड एकदम मागत होता. ती कधी ओबोनच्या सणानंतर म्हणायची, कधी नव्या वर्षानंतर. शेवटी, प्रदर्शन संपायच्या आत उत्तर देते, असं तिने कबूल केलं होतं. त्यासाठीच ती आज आली होती.

“कुरोइवासान, मी तिकडे माझ्या टेबलावर तुमची वाट बघतोय. आता आणखी पुढे ढकलू नका बरं. पडून पडून लाकडाचं सोनं होत नाही. ट्रक पुढच्या आठवड्यात पाठवू ना?”

हियामाने हातातला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तो सारखा करण्यात गुंतला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तोकुमारू निघायचं विसरून गेला होता.

नोबुएने छिद्रातून बोटं बाहेर काढली.

“ट्रक नको, शिओमीसान,” ती म्हणाली. “लाकूड द्यायचं नाही. हियामा, गुरुवारपासून कारखान्यात ये. कुलूप काढून ठेवते.”