वाटीभर मैदा

भिंती रंगवण्यात हयात गेलेल्या रंगाऱ्याला स्वयंपाक म्हणजे डोक्याला ताप. पण बायकोची साखर वाढली, नजर अधू झाली, आणि झक मारत तो गॅसपाशी उभा राहिला. डॉक्टरांनी सांगितलं तसा पाव बंद, भात बंद, बटाटा बंद. सकाळी उकडलेली अंडी, संध्याकाळी फ्लॉवरचं सूप. एकच पातेलं, कटकट नाही.

तरी साखर काही उतरेना.

"चोरून खातेस!" तो ओरडायचा. "मी इथे मर मर मरतोय आणि तू माझ्या डोळ्यांत धूळ फेकतेस?" त्याने कपाटं धुंडाळली, तिची उशीसुद्धा उसवली. ती म्हणायची, "नाही हो खाल्लं काही," आणि पुढ्यातलं सूप निमूट पिऊन टाकायची.

शेवटी तिचा पाय कापावा लागला. दवाखान्यात नर्सबाईंनी सहज विचारलं, "काका, सूप कसं करता?"

"फ्लॉवर उकडून घोटतो, आणि वाटीभर मैदा कालवतो. पातळ रंग भिंतीवर टिकत नाही, तसं पातळ सूप पोटात काय टिकणार?"

बाई म्हणाल्या, "मैदा? अहो, पाव त्याचाच तर करतात!"

तो बायकोच्या पलंगाशी जाऊन बसला. पांघरूण एका बाजूने सपाट होतं. बायकोने चाचपत त्याचा हात धरला.

"रागावू नका हो," ती पुटपुटली. "मीच खाल्लं असेन कधीतरी चोरून. आता आठवत नाही, एवढंच."